सशांच्या खोळीवरचं नाव

योनागो, ५ नोव्हेंबर १९९२

प्रिय त्सुयाको,

ओकायामाला नीट पोचलीस ना? इकडे काल दाइसेनच्या माथ्यावर पहिलं बर्फ दिसलं आणि मी लगेच मोज्यांचा दुसरा जोड चढवला.

सहल छान झाली असं माकिए फोनवर तीनदा म्हणाली. तिचं 'छान' म्हणजे देवळाबाहेर खाल्लेले दोन वाडगे नूडल्स आणि वर लाल घेवड्याची गोड खीर. इझुमोच्या देवाला नमस्कार करताना चार टाळ्या वाजवतात, त्यातली चौथी वाजवताना ती दुकानाकडे बघत होती. शाळेत होती तशीच आहे.

पण मला आज वेगळंच लिहायचं आहे. लोककला संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनातली ती निळी खोळ तुला आठवते का, नवरीच्या रजईची? चार पट्टे जोडलेले, लाटांवरून उड्या मारणारे बारा ससे. अकरा ससे उजवीकडे जातात आणि तिसऱ्या पट्ट्यातला एकच मागे वळून बघतो. मी तिच्यासमोर थांबले तर तू माझी बाही ओढून म्हणालीस, "चल गं, बागेची बस सुटेल." बस सुटायला पस्तीस मिनिटं होती, त्सुयाको. बेटावरच्या बागेत गेल्यावरही तू गप्पच होतीस. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

ती माझ्या आईची खोळ आहे. मी सहा वर्षांची असताना तिने ती विणली. मागाखाली बसून मी तिचे पाय बघत असे. पावडीवर वर-खाली होणारे पाय, डाव्या पायाची करंगळी जराशी वाकडी. तो मागे बघणारा ससा मी आणि सेइजीदादा रोज शोधायचो, कुठे आहे ते ठाऊक असूनही. पुढे ती खोळ मावशीच्या लग्नात तिच्या सामानाबरोबर गेली. मावशीचं घर मोडलं तेव्हा कुणीतरी संग्रहालयाला दिली असणार.

आणि खाली पाटीवर काय लिहिलंय? 'सुती, नीळ. सुमारे १९३५. विणणारी व्यक्ती अज्ञात.'

अडतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. वहीवर नाव नसेल तर मी वही तपासत नसे. आता माझ्या आईच्या कामाखाली 'अज्ञात' लिहिलेलं मी खपवून घेणार नाही. आईचं नाव त्या पाटीवर लागेल. मी लावीनच.

तू शेजारच्या घरात वाढलीस. आमचं सूत तुझ्याच घरच्या निळीच्या रांजणांत बुडायचं. तुला जे आठवतं ते मला लिहून पाठव, संग्रहालयाला दाखवता येईल.

तुझी,
इसोको

~

ओकायामा, १६ नोव्हेंबर १९९२

प्रिय इसोको,

पत्र मिळालं. सोबत फोटो पाठवते आहे. बागेतल्या पुलावरच्या फोटोत माकिएचा तेवढा पाठमोरा भाग आलाय, तिला दाखवू नकोस.

खोळीबद्दल काय लिहू? मी तेव्हा सात वर्षांची. निळीचे रांजण आठवतात, हात कोपरापर्यंत निळे झालेली माझी आई आठवते. सशांचे नमुने त्या काळी किनाऱ्यावरच्या अर्ध्या घरांत विणले जायचे. कुणाचा ससा कुठला हे साठ वर्षांनी कसं सांगायचं?

आणि समजा असली तुमच्याच घरातली, तर काय बिघडलं? काचेच्या आड जपून ठेवली आहे, लोक येऊन बघतात. बायका विणायच्या त्या काही पाटीसाठी विणत नव्हत्या. तू एकदा हट्टाला पेटलीस की जेवणखाण विसरतेस. या वयात कशाला हा त्रास?

पुढच्या वर्षी क्योटोला जाऊ. तिथल्या शेवाळाच्या बागेत म्हणे बोललेलंही चालत नाही. माकिएला तिथे नेऊन बसवायचं माझ्या फार मनात आहे.

थंडीला जप.
त्सुयाको

~

योनागो, ३० नोव्हेंबर १९९२

त्सुयाको,

'प्रिय' लिहिलेलं नाही, कारण मी तुझ्यावर रागावले आहे.

मी तुझ्याकडे साक्ष मागितली आणि तू मला शेवाळ दिलंस. माझी आई तुला दर हिवाळ्यात भाजलेली रताळी द्यायची. तुझ्या आईचं नाव असं कुठे पुसलेलं दिसलं असतं तर मी पायी चालत आले असते.

असो. मी एकटीच पुन्हा संग्रहालयात जाऊन आले. फुकादा म्हणून एक बाई तिथलं कापडाचं दालन बघतात. वय पस्तिशीचं असेल, बोलणं नेमकं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या आठवणीवर माझा विश्वास आहे. पण पाटीवर मी आठवण लिहू शकत नाही. कागद हवा."

"कागद आणला तर?"

"तर मी स्वतः पाटी बदलीन."

बसमध्ये बसल्यावर मला आठवलं की कागद आहे. दादाच्या घरी, देवघराच्या खोलीत, दारावर टांगलेलं आईचं प्रशस्तिपत्र. प्रांताच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस, साल १९३६, 'लाटा आणि ससे, रजईची खोळ', आणि खाली आईचं पूर्ण नाव, ओकिता तोशि. पन्नास-पंचावन्न वर्षं आम्ही त्याच्याखालून ये-जा केली आणि मला ते आठवायला बस लागली.

दादाला सांगितलं तर तो सत्तरीचा माणूस शिडी घेऊन आला. स्वतः काच पुसली. म्हणाला, "मी स्वतः घेऊन जाईन. कुरियरबिरियरच्या हातात द्यायचं नाही." आईच्या बाबतीत तो असा हळवा होतो.

तुझी साक्ष नको आता. पण तू असं का केलंस ते मला कळलेलं नाही.

इसोको

~

ओकायामा, ८ डिसेंबर १९९२

प्रिय इसोको,

रागाव, तुझा हक्क आहे. एकच मागते, घाई करू नकोस. नववर्षानंतर मी तिकडे येते, समोरासमोर बोलू. तोवर ते प्रशस्तिपत्र घरीच राहू दे.

त्सुयाको

~

योनागो, २० जानेवारी १९९३

प्रिय त्सुयाको,

नववर्षाच्या शुभेच्छा, उशिराच. गुडघ्यामुळे येता आलं नाही असं माकिए म्हणाली. ऑपरेशन करून टाक आता.

तुझं पत्र आलं तेव्हा दादा आधीच जाऊन आला होता. ते प्रशस्तिपत्र त्याने चौकोनी रुमालात बांधून, दोन्ही गाड्यांत मांडीवर ठेवून नेलं. फुकादाबाईंनी प्रदर्शनाच्या जुन्या यादीशी ताडून पाहिलं आणि परवा त्यांचं पत्र आलं. ३ मार्चला, बाहुल्यांच्या सणाला, दालनाची मांडणी बदलते तेव्हा पाटी बदलेल. 'विणकर: ओकिता तोशि.' छोटासा कार्यक्रमही आहे. आम्हा भावंडांना पुढे बसवणार आहेत. दादा नवा कोट शिवतोय.

आता माझा राग गेला. तू आणि माकिए दोघी या. मला आईच्या नावाशेजारी तुम्ही दोघी हव्यात.

तुझी,
इसोको

~

ओकायामा, २५ जानेवारी १९९३

प्रिय इसोको,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे आणि हे मी टपालपेटीत टाकणार आहे.

ती खोळ तुझ्या आईने विणलेली नाही. हात्सुने विणली.

हात्सु तुला आठवत असेल. तुमच्याकडे भात रांधायची, तुला पाठुंगळी घेऊन फिरायची. तू तिला हात्सुताई म्हणायचीस. ती मुळात विणायलाच ठेवलेली होती. तुझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर तुझ्या आईच्या मनगटांना सूज आली ती गेलीच नाही. तिला धोटा फेकता येत नसे. घराला विणकामाचं नाव होतं, मागण्या येत होत्या. मग डोंगराकडच्या गावातून हात्सुला आणलं.

रंगवलेलं सूत तुमच्या मागापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. त्या वर्षभरात मी किती वेळा आले असेन. मागावर दर वेळी हात्सु असायची. तू मागाखाली बसलेली असायचीस, म्हणून तुला फक्त पाय दिसायचे. इसोको, आपण सगळ्या एकाच न्हाणीघरात अंघोळीला जायचो. तुझ्या आईचे पाय लहान आणि सरळ होते. वाकडी करंगळी हात्सुची.

प्रदर्शनाला खोळ गेली ती तुझ्या आईच्या नावाने. बक्षीस आलं, गावात शुभप्रसंगीचा लाल भात वाटला. पुढच्याच महिन्यात हात्सु निघून गेली. माझी आई मला म्हणाली, "तुला काही दिसलेलं नाही. शेजार आहे आपला." मी सात वर्षांची होते. मला काही दिसलेलं नाही, हे मी छप्पन्न वर्षं पाळलं.

संग्रहालयात मी तो ससा तुझ्या आधी ओळखला. म्हणून बाही ओढली. पाटीवर 'अज्ञात' आहे तोवर चालेल, असं मला वाटत होतं. 'अज्ञात' म्हणजे निदान खोटं तरी नाही. आता तिथे दुसऱ्या कुणाचं नाव लागणार म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

हात्सुला पुढे तोगोकडे, नासपतीच्या बागा आहेत तिथे कुठेतरी दिलं असं ऐकलं होतं. आहे की नाही, ठाऊक नाही.

तू आता मला पत्र लिहिणार नाहीस असं वाटतं. तरी मी वाट बघेन.

त्सुयाको

~

योनागो, ११ एप्रिल १९९३

त्सुयाको,

अडीच महिने झाले. तू वाट बघत होतीस, हे माकिए दर आठवड्याला फोन करून सांगायची.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. आधी तुझा राग आला. मग मी तुझ्या पत्रातली एक तरी गोष्ट खोटी ठरेल म्हणून जुने फोटो काढून बसले. मिळालं काहीच नाही. उलट एका फोटोत, मावशीच्या लग्नातल्या, आईने दोन्ही मनगटं बाह्यांच्या आत ओढून घेतलेली दिसली. तो फोटो मी शंभर वेळा पाहिला असेल. आई थंडीने आखडून बसली आहे असंच मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी फुकादाबाईंना फोन केला. म्हटलं, "पाटी बदलू नका."

"ओकिताबाईंचं नाव पक्कं झालंय. निमंत्रणं छापायला गेली आहेत."

"ते नाव बरोबर नाही. बरोबर नाव मी आणून देते."

"आणि पुरावा?"

"तोही आणते."

त्यांनी मार्चचा कार्यक्रम थांबवला. मग मी दादाकडे गेले. ते तुला सांगायलाच हवं. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्याने नवा कोट घडी घालून बाजूला ठेवला.

"मेलेल्या आईवर चोरीचा आळ घेणार तू?"

"आळ नाही दादा. चुकीचं नाव आहे, ते काढायचं."

"कुणाच्या सांगण्यावरून? त्या निळीवाल्यांच्या त्सुयाच्या?"

"तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास. तुला मागावर कोण दिसायचं?"

तो बोलला नाही. बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ऑगस्टात पितर घरी येतात तेव्हा तू या घरी येऊ नकोस. आईला तोंड दाखवू नकोस."

त्याला दिसत होतं, त्सुयाको. त्याचं गप्प बसणं मी ओळखते.

आता पुढचं. हात्सुच्या माहेरच्या गावातल्या पुजाऱ्याकडून पत्ता मिळाला. ती जिवंत आहे. शहात्तर वर्षांची, नवरा गेलेला, मुलगा-सून बाग बघतात. गेल्या आठवड्यात मी तोगोला गेले. नासपतीला फुलं आली होती आणि घरातली सगळी शिड्यांवर चढून, पिसांच्या काडीने एकेका फुलाला पराग लावत होती. शिडीवरून एक बुटकी म्हातारी ओरडली, "औषधवाले असाल तर उद्या या."

मी नाव सांगितलं. ती उतरली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "इसो. नाक तेच आहे. तेव्हा वाहायचं."

ओसरीवर बसून तिने रबरी बूट काढले, मोजे काढले. मी पाय पाहिले. मला पुढे काही विचारायचं राहिलं नाही.

मी खोळीबद्दल सांगितलं, पाटीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "बरं." चहा दिला. म्हणाली, "प्रत्येक धागा पाहिलाय मी तिचा. आता तिकीट काढून काय बघू? फुलं चार दिवसांची असतात. मला काम आहे."

आणि गेली शिडीवर.

मी पुन्हा जाणार आहे. ती येईपर्यंत जाणार आहे.

तुझ्यावर राग आहे की नाही, मला अजून ठरवता येत नाही. पण लिहिलंस ते बरं केलंस.

इसोको

~

ओकायामा, १८ एप्रिल १९९३

प्रिय इसोको,

पत्र दोनदा वाचलं आणि उशीवर ठेवून झोपले.

मी लेखी साक्ष देते आहे, सोबत जोडली आहे. सही आणि शिक्का दोन्ही. फुकादाबाईंना दे. सेइजीदादाला दाखवायची असेल तर तीही दाखव. निळीवाल्यांची त्सुया आता कुणाला भीत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ऑक्टोबरात मिळाली आहे. यंदाच्या सहलीला मी नसेन. माझी जागा हात्सुला दे.

त्सुयाको

~

योनागो, २ नोव्हेंबर १९९३

प्रिय त्सुयाको,

गुडघा वाकतो का आता? तुझी सून सांगत होती की तू नर्सला चालायचं कसं ते शिकवतेस. म्हणजे तू बरी आहेस.

सहल झाली. सविस्तर लिहिते, कारण माकिएने फोनवर सांगितलेलं सगळं खाण्याबद्दलच असणार.

हात्सुताईला आणायला मला चार खेपा लागल्या. दुसऱ्या खेपेला ती घरी असून 'नाही' असं सांगितलं गेलं. मी ओसरीवर बसून राहिले. सुनेला लाज वाटली, तिने जेवायला वाढलं. तिसऱ्या खेपेला जून होता. झाडावरच्या एकेका फळाला कागदी पिशवी बांधायची चालली होती. हात्सुताईने काही न बोलता पिशव्यांचा गठ्ठा माझ्या कमरेला बांधला. तीनशेच्या वर फळं मी बांधली असतील, त्यातली निम्मी तिने सोडून पुन्हा बांधली. संध्याकाळी हात धुताना एकदम म्हणाली, "नीळ उतरलीय का गं तिची?"

"नाही. गडद आहे."

"हं. तुझ्या त्या मैत्रिणीची आई नीळ चांगली लावायची."

तेव्हाच मला कळलं की ती येणार. तरी म्हणाली, फळं उतरल्याशिवाय नाही. म्हणून चौथी खेप.

तर गेल्या मंगळवारी आम्ही तिघी. माकिएने तिच्यासाठी डबा आणला होता. हात्सुताईने तो गाडीत बसल्या बसल्या संपवला, तेव्हापासून दोघींचं फार जमलं. संग्रहालयात शिरताना तिने विचारलं, "बूट काढायचे का?" आत पहिल्या दालनात मातीची भांडी. ती म्हणाली, "ही आमच्याकडे लोणच्याला आहेत." पहारेकरी हसला, तशी ती त्याला म्हणाली, "हसू नका. तुमच्यापेक्षा आमची चांगली आहेत."

मग खोळ. ती समोर उभी राहिली. मी आणि माकिए मागे. कितीतरी वेळ ती बघत होती. मला वाटलं, रडेल. ती काचेला नाक लावून म्हणाली, "दुसऱ्या पट्ट्याची शिवण वाकडी बसलीय. हे मी शिवलेलं नाही."

फुकादाबाई आल्या. त्यांची अडचण त्यांनी सरळ सांगितली. एक कागद तोशिबाईंचं नाव सांगतो, एक साक्ष हात्सुबाईंचं. साक्षीदार त्या वेळी सात वर्षांची. त्यांनी काय लिहायचं?

हात्सुताई म्हणाली, "चौथ्या पट्ट्याची खालची शिवण उसवा. दुमडलेल्या भागात निळं सूत नाही. सूत संपलं होतं, आणि मालकीणबाई म्हणाल्या असत्या की तू उधळलंस. म्हणून मी माझ्या गाठोड्यातलं लावलं, आजीने कातलेलं. तपकिरी आहे. चार बोटं."

त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. दीड तास. माकिएसुद्धा काही खाल्ल्याशिवाय बसली होती. फुकादाबाई परत आल्या त्या हातमोजे न काढताच. खाली वाकून त्यांनी हात्सुताईला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तपकिरी आहे. बरोबर चार बोटं. तुमचं त्या वेळचं नाव कसं लिहायचं?"

"यामाने हात्सु." मग थोडं थांबून, "पण ससे मालकीणबाईंनी काढले होते. मनगटाला पट्टी बांधून, कागदावर. तेही लिहा. मला कुणाचं घ्यायचं नाही."

मी विचारलं, "हात्सुताई, तो एक ससा मागे का बघतो?" आम्हा भावंडांना आई सांगायची की तो पिल्लं येतायत का ते बघतो.

"झोप लागली होती. पहाटे चारला उठवायच्या. बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुतावर ससा आधीच रंगवलेला असतो, त्याची गुंडी उलटी लागली. उसवायला सांगतील म्हणून दोन दिवस जीव मुठीत धरून होते. मालकीणबाईंनी पाहिलं, आणि राहू दे म्हणाल्या."

दुपारी बेटावरच्या बागेत गेलो. तळ्याकाठी बाकावर हात्सुताई आणि मी दोघीच होतो. मी उठले, तिच्यासमोर वाळूवर गुडघे टेकले आणि कपाळ खाली लावलं. म्हटलं, "आईच्या वतीने माफी मागते."

ती म्हणाली, "उठ. लोक बघतायत." मी उठले नाही. तेव्हा म्हणाली, "तू सहा वर्षांची होतीस. बक्षीस तू घेतलं नाहीस. मला राग होता, अकरा वर्षं होता. लग्नानंतर माग दिसला की मी तोंड फिरवायची. पुन्हा कधी विणलंच नाही. ते मात्र गेलं." आणि मग, "मालकीणबाईंनी एक पत्र पाठवलं होतं, युद्धानंतर. मी न वाचता चुलीत घातलं. कधीकधी वाटतं, वाचायला हवं होतं. आता उठ, तुला बघून माझे गुडघे दुखायला लागलेत."

त्या पत्रात काय होतं, कुणालाच कळणार नाही. मी रोज त्याचाच विचार करते.

इझुमोला तिने चार टाळ्या अशा वाजवल्या की पुढच्या रांगेतलं नवं जोडपं वळून बघायला लागलं. काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "पुढच्या वर्षी वादळं जरा उशिरा."

पाटी बदलायचं फुकादाबाई मार्चात करतील. कार्यक्रम नको असं मीच सांगितलं. दादाला मी सगळं लिहून कळवलं, तपकिरी धाग्यापर्यंत. उत्तर नाही. या ऑगस्टात मी त्याच्याकडे गेले नाही, घरीच दिवा लावला. वाईट वाटतं. पण पुन्हा करायचं झालं तर मी हेच करीन.

तुझ्यावर आता राग नाही. ठरलं एकदाचं.

तुझी,
इसोको

~

मात्सुए, मुक्काम माकिएचं घर, १९ मार्च १९९४

प्रिय इसोको,

काठी घेऊन का होईना, मी आज संग्रहालयात जाऊन आले. तुला न सांगता आले, कारण मला एकटीने ती पाटी वाचायची होती. 'नमुना: ओकिता तोशि. विणकाम: यामाने हात्सु. १९३६.' अक्षरं साधी, काळी. बस्स, एवढंच.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुला हे आजच्या आज कळायला हवं म्हणून माकिएच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

मी दालनात शिरले तेव्हा खोळीपुढे एक उंच म्हातारा उभा होता. अंगात नवा कोट. मी पाठीवरून ओळखलं आणि खांबाच्या मागे झाले. सेइजीदादाने पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग पहारेकऱ्याला बोलावून म्हणाला, "इथे उजेड इतका कमी का ठेवलाय? नावं नीट दिसत नाहीत."

"जास्त उजेडाने कापड खराब होतं, आजोबा."

"मग अक्षरं मोठी करा."

माझी काठी घसरली आणि आवाज झाला. तो वळला. मी विचार केला, आता पळता तर येणार नाही.

"निळीवाल्यांची त्सुया ना तू?"

"हो."

"म्हातारी झालीस."

"तुम्हीही."

आम्ही दोघं बाकावर बसलो. मग खोळीकडे बघतच म्हणाला, "मी शाळेतून आलो की ती मागावर असायची. मला भात वाढायला उठायची आणि पुन्हा बसायची. बक्षिसाच्या दिवशी लाल भातही तिनेच रांधला. मी दोनदा मागून घेतला." थोड्या वेळाने म्हणाला, "प्रशस्तिपत्र मी उतरवलंय."

"इसोकोला सांगू?"

"सांग." तो उठला, कोटाची बटणं लावली. दारापर्यंत गेला आणि परत आला. "तिला म्हणावं, ऑगस्टात घरी ये. आणि येताना हात्सुला घेऊन ये." मी काहीतरी बोलणार होते, पण त्याने हात वर केला. म्हणाला, "पितर येतील तेव्हा आईही येईल. तिला हात्सुशी बोलायचं असेल."

त्याचे शब्द आहेत तसे लिहिले आहेत. उद्या सकाळच्या टपालाने हे निघेल.

तुझी,
त्सुयाको